आधी चिठ्ठी, मग चर्चा

एप्रिलमधली दुपार. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या एका टॉवेल कारखान्यात माग बंद करून दहा-बारा जण गोल बसलेत. तक्रार जुनीच, उन्हाळा लागला की ताण्याचा, म्हणजे मागावरचा उभा, धागा सारखा तुटतो. "लक्ष नसतं कुणाचं," मालक म्हणाले आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या.

बैठक चालवायला आलेल्या ताईंनी वाद घातला नाही. फळ्यावर लिहिलं, 'दुपारी धागा कमी तुटावा म्हणून काय काय करता येईल?' मग चिठ्ठ्या वाटल्या. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, तेलुगू, कन्नड, मराठी, ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत लिहायचं.

अशी बैठक चालवणाऱ्या माणसाला सुलभक म्हणतात. त्याने बाळगलेल्या या शांततेमागे भक्कम विज्ञान आहे. जाहिरात व्यवसायातल्या ॲलेक्स ऑसबॉर्न यांनी 'ब्रेनस्टॉर्मिंग' लोकप्रिय केलं: टीका मागे ठेवा, कल्पनांचा पाऊस पाडा. पण १९५८ साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात उलटंच दिसलं. चौघांनी एकत्र बसून जेवढ्या कल्पना काढल्या, त्याहून जास्त चौघांनी वेगवेगळं बसून काढल्या, आणि त्याही द्विरुक्ती वगळून.

असं का? १९८७ मध्ये डील आणि श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी मुख्य कारण शोधलं: बोलण्याची पाळी. एक बोलत असताना बाकीचे थांबतात, आपलं सुचलेलं डोक्यात धरून ठेवतात आणि त्या धडपडीत नवीन सुचणंच थांबतं. लाजाळूपणाही असतो, पण खरी अडचण ही वाट बघण्याची. पुढे १९९६ च्या एका अभ्यासात चांगले प्रशिक्षित सुलभक असलेल्या गटांनी ही तूट भरून काढली.

माझ्या मते सुलभकाचं सर्वांत अवघड कौशल्य म्हणजे उत्तर माहीत असूनही ते गिळणं. ताईंना सुती धाग्याचं गणित ठाऊक होतं: हवा कोरडी झाली की धाग्यातला ओलावा उडतो, धागा कमजोर होतो. त्या बोलल्या नाहीत. चिठ्ठ्या वाचत गेल्या, मालकांचीही त्यांतच मिसळलेली.

एक चिठ्ठी तेलुगूत होती, कांड्यांवर सूत भरणाऱ्या बाईंची: 'पश्चिमेच्या खिडक्यांना ओली पोती बांधा.'

"का बरं?" ताईंनी विचारलं.

"पाऊस पडला की धागा तुटत नाही, म्हणून."

दुसऱ्या दिवशी चार मागांजवळ करून बघायचं ठरलं. तुटलेले धागे मोजायची वही त्या बाईंकडेच दिली.