घोरपडीचा भाऊबंद की सापाचा? मोसासॉरच्या जबड्याची साक्ष

समुद्रात एखादा अजस्र जीवाश्म सापडला की बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'समुद्रातला महाकाय डायनासोर'. मोसासॉर या मथळ्याचा नेहमीचा बळी. खरं तर कोंबडी डायनासोरांच्या कुळातली आहे, मोसासॉर नाही. तो सरडे, पाली, घोरपडी आणि साप यांच्या, म्हणजे स्क्वामाटा गटातला प्राणी. जमिनीवरून पाण्यात गेलेला, हातापायांची वल्ही झालेला आणि क्रेटेशियस काळाच्या अखेरीस, ६.६ कोटी वर्षांपूर्वी, नामशेष झालेला.

हे नातं पहिल्यांदा लक्षात आलं त्यामागे बाप-लेकाचा मतभेद आहे. अठराव्या शतकात नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या चुनखडीच्या खाणीत भलामोठा जबडा सापडला. कोणी म्हणालं मगर. पेट्रस कॅम्पर या नावाजलेल्या शरीररचनातज्ज्ञाने १७८६ मध्ये सांगितलं, हा देवमासा. त्याचा मुलगा आद्रियान याने १७९९ मध्ये तेच अवशेष पाहून निष्कर्ष काढला, की ही घोरपडीसारखी हाडं आहेत. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ जॉर्ज क्युव्हिएने १८०८ मध्ये मुलाची बाजू उचलून धरली. 'मोसासॉरस' हे नाव मिळायला मात्र १८२२ साल उजाडलं.

आता मुद्द्याचं, म्हणजे जबड्याचं. आपला खालचा जबडा एकसंध असतो, हनुवटीपाशी दोन्ही बाजू हाडाने जोडलेल्या. मोसासॉरमध्ये या दोन बाजू टोकाला फक्त लवचीक ऊतीने बांधलेल्या होत्या. त्याहून विलक्षण म्हणजे प्रत्येक बाजूच्या साधारण मध्यावर आणखी एक सांधा होता. पुढचा दात असलेला भाग आणि मागचा भाग यांच्यामध्ये स्प्लेनियल व अँग्युलर ही दोन हाडं एकमेकांना भिडायची आणि तिथे जबडा दुमडायचा. कवटीला जबडा टांगणारं क्वाड्रेट हाडही हलतं होतं. त्यामुळे खालचा जबडा नुसता उघड-मीट करत नव्हता; तो बाजूंनी फाकायचा आणि पुढेमागेही सरकायचा.

नुसत्या फाकण्याने काम भागत नाही. समुद्रात चावा घेतलेला मासा निसटू पाहतो आणि तो धरायला वल्ह्यांचा उपयोग शून्य. इथे टाळूवरचे दात कामाला येतात. टाळूच्या मागच्या भागातल्या टेरिगॉइड हाडांवर मागे वळलेल्या दातांची एकेक रांग होती. खालचा जबडा भक्ष्याला मागे ओढायचा. मग नवी पकड घेण्यासाठी तो पुढे जाई तेव्हा हे टाळूचे दात भक्ष्याला जागच्या जागी अडकवून ठेवत. एक ओढ, एक थांबा, पुन्हा ओढ. भक्ष्याचा प्रवास एकाच दिशेने, घशाकडे. अमेरिकेतल्या साउथ डकोटात सापडलेल्या टायलोसॉरस या महाकाय मोसासॉरच्या पोटात मासे, हेस्परॉर्निस हा न उडणारा दातांचा पक्षी आणि चक्क दुसरा लहान मोसासॉर मिळाला आहे!

साप हेच करतात, पण वेगळ्या तऱ्हेने. सापाच्या वरच्या जबड्याची डावी-उजवी बाजू आळीपाळीने पुढे सरकते. मोसासॉरची वरची हाडं त्या मानाने घट्ट बसलेली, हालचाल बहुतेक खालच्या जबड्याची. अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ एडवर्ड कोपने १८६९ मध्येच मोसासॉरांना 'पायथोनोमॉर्फा' अशा गटात घातलं होतं, म्हणजे अजगराच्या रूपाचे. ही कल्पना मागे पडली आणि १९९० च्या दशकात मायकेल ली व मायकेल कॉल्डवेल या संशोधकांनी ती पुन्हा वर काढली: सापांची गिळण्याची पद्धत समजायची तर मोसासॉर ही मधली पायरी आहे. ऑलिव्हिए रीपेल आणि हुसाम झाहेर यांनी २००० मध्ये सांध्याचे तपशील तपासून उलट मत मांडलं. त्यांच्या मते हा सांधा सापापेक्षा घोरपडीच्या जबड्यातल्या सांध्याशी अधिक जुळतो.

असा सांधा स्वतंत्रपणे पुन्हा पुन्हा घडू शकतो, ही खरी अडचण. १८७२ मध्ये अमेरिकी जीवाश्मतज्ज्ञ ओथ्नील मार्श यांना कॅन्ससमध्ये सापडलेल्या पक्ष्याच्या सांगाड्यासोबत दात असलेला, मध्यावर असाच सांधा असलेला जबडा मिळाला. त्यांनी तो एका लहान समुद्री सरीसृपाचा ठरवून त्याला वेगळं नावही दिलं. पुढच्याच वर्षी कळलं, जबडा त्याच पक्ष्याचा, इक्थिऑर्निसचा. म्हणजे नुसता सांधा सारखा म्हणून नातं सिद्ध होत नाही. डीएनए इतका काळ टिकत नाही, त्यामुळे निवाडा हाडांवरच करायचा.

  

नात्याबद्दल माझा कल घोरपडीच्या बाजूला आहे, पण फारसा ठाम नाही. अमेरिकेतल्या टेक्ससमधला डलासॉरस हा आरंभीचा मोसासॉर जेमतेम मीटरभर लांब, त्याचे पाय अजून जमिनीवर चालण्याजोगे. वाद मिटवायचा तर टायलोसॉरससारखे राक्षस नकोत, या आरंभीच्या छोट्या मंडळींच्या आणखी कवट्या हव्यात, जबड्याच्या त्या मधल्या सांध्यासह.