कल्पित साहित्य आणि वास्तवज्ञान

न घडलेल्या गोष्टी सांगणाऱ्या कथा-कादंबऱ्यांवरून प्रत्यक्ष जगाविषयी खात्रीचे काही कळते का, हा साहित्यविचारातील जुना प्रश्न आहे. प्लेटोने कवीला नकलेची नक्कल करणारा ठरवले. उलट इतिहास घडले ते सांगतो व काव्य घडू शकेल ते सांगते, म्हणून काव्यच अधिक तत्त्वस्पर्शी, असे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त म्हटले. मात्र एखाद्या विशिष्ट कादंबरीवर कितपत विसंबावे, याचा निवाडा एवढ्याने होत नाही.

हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. त्यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत यमू आपली हकिगत स्वतः सांगते. लिहिणारा मात्र पुरुष, आणि यमू तर कधी जन्मलीच नाही. त्यामुळे तिच्या घरातली कोणतीही एक घटना पुरावा म्हणून मांडता येणार नाही. तरीही सासरी शब्द कोणाचा चालतो, शिकू पाहणाऱ्या सुनेला काय ऐकून घ्यावे लागते आणि नवरा गेल्यावर तिच्या केसांचा निर्णय कोण करतो, हे ती ज्या बारकाईने दाखवते, तितके त्या काळच्या सरकारी कागदांतून क्वचितच हाती लागते. पुढे पार्वतीबाई आठवले यांनी ‘माझी कहाणी’ (१९२८) या आत्मकथनात स्वतःच्या वैधव्याविषयी व केशवपनाविषयी लिहिले, त्यातून या चित्राला दुजोरा मिळतो; अर्थात ते कादंबरीनंतरचे असल्याने त्याला पूर्णतः स्वतंत्र साक्ष म्हणताना थोडे जपून बोलावे लागते.

कादंबरीची मर्यादा वेगळीच आहे. तिचे जग पुण्या-मुंबईकडील ब्राह्मण मध्यमवर्गाचे आहे. अनेक ब्राह्मणेतर जातींत विधवेचा पाट लावण्याची, म्हणजे तिचे दुसरे लग्न करण्याची, चाल होती. तेव्हा यमूचे दुःख सबंध मराठी समाजातील विधवांचे मानणारा वाचक चुकतो, आणि ती चूक कादंबरीपेक्षा त्याचीच अधिक असते.

ऐतिहासिक नाटक-कादंबऱ्यांत धोका याहून मोठा आहे, कारण तेथे पात्रांची नावे खरी असतात. संभाजी महाराजांची व्यसनी, उच्छृंखल प्रतिमा बखरींतून आली आणि रंगभूमीने ती घरोघरी रुजवली. ती खोडण्यासाठी इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांना अस्सल कागदपत्रांच्या आधारे १९६० मध्ये स्वतंत्र चरित्र सिद्ध करावे लागले.