गोटीची रिकामी बाटली उलटी ठेवू नका

दुकानदार, रसवंतीवाले, पानटपरीवाले, मंगल कार्यालयवाले आणि आचारी मंडळींसाठी माहितीपत्रक

आमचा कोला, जिरा, लेमन आणि साधा सोडा गोटीच्या काचेच्या बाटलीतून तुमच्याकडे येतो. क्रेट कसा मोजायचा, ओपनर कुठं दाबायचा हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी दर उन्हाळ्यात तोच घोळ होतो: परत आलेल्या रिकाम्या बाटल्यांपैकी बऱ्याच बाटल्यांची गोटी तोंडाशी चिकटलेली असते. आणि त्याच बाटल्यांवरून तेच प्रश्न येतात. डिपॉझिट कशाला, प्लास्टिकमध्ये का देत नाही, हा कोला नेमका कुणाचा? म्हणून हे लिहून देत आहोत. गल्ल्याजवळ लावून ठेवा आणि कामाच्या पोरालाही वाचून दाखवा.

गोटी का चिकटते

बाटलीची मान हातात धरून नीट बघा. तोंडाच्या आतल्या खोबणीत रबराची रिंग असते. तिच्याखाली मान आवळलेली, त्यामुळे गोटी बाटलीच्या पोटात पडत नाही. आणि मानेच्या एकाच बाजूला बोटाला लागतील अशा दोन खाचा असतात. एवढ्याच तीन गोष्टींवर ही बाटली चालते.

आम्ही आधी पाक घालतो, मग गॅसचं पाणी भरतो आणि भरतानाच बाटली मशीनवर उलटी होते. गोटी घरंगळत रिंगवर येते, आतला गॅस तिला दाबून धरतो आणि तोंड बंद होतं. वेगळं बूच लागत नाही.

आता तुमच्याकडे काय होतं ते पाहा. गिऱ्हाईक कोला पिऊन बाटली ठेवतं. पोरगा ती स्टीलच्या पेल्यासारखी क्रेटमध्ये उलटी घालतो, तळाचं निथळून जावं म्हणून. हेतू चांगलाच असतो. पण उलटी केली की गोटी पुन्हा रिंगवरच येऊन बसते. तळाशी उरलेला दोन-चार थेंब कोला मानेत उतरतो आणि गोटी नि रिंग यांच्यामध्ये अडकतो. कोल्यात 100 मिलीला साधारण 10 ते 11 ग्रॅम साखर असते. मे महिन्यात परभणीच्या उन्हात तो थेंब दुपारपर्यंत आटतो आणि त्याचा चिकट पाक होतो. दुसऱ्या दिवशी गोटी, पाक आणि रबर यांचा एकच गठ्ठा झालेला असतो. बाटली न धुता उलटी ठेवली तर असं होतंच. धुऊन लगेच उलटी ठेवली तरी धुवणाचं गोड पाणी तिथंच साचतं.

अशी बाटली धुताना आमचा जीव जातो. साधी रिकामी बाटली 60 अंश गरम, 2 टक्के कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात बुडवली, मग दोनदा स्वच्छ पाण्यानं खंगाळली की तयार. चिकटलेली बाटली रात्रभर भिजत ठेवावी लागते. सकाळी आकड्यानं रिंग उपसायची, खोबण साफ करायची, नवी रिंग बसवायची. ब्रश त्या आवळलेल्या मानेच्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, म्हणून हे सगळं हातानंच. आणि एवढं करूनही खोबणीत साखरेचा कण राहिला तर गोटी रिंगवर पूर्ण टेकत नाही. भरलेली बाटली दिसायला ठीक, पण रात्रीतून गॅस निघून जातो आणि तुमचं गिऱ्हाईक तुम्हालाच म्हणतं, ‘ह्यात काही दम नाही.’

साखर राहिली की यीस्टही धरतं. बाटलीला आंबूस वास येतो आणि मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

मग काय करायचं

बाटली रिकामी झाली की तासाभराच्या आत अर्धा पेला, म्हणजे 50 मिली, स्वच्छ पाणी घाला. अंगठ्यानं तोंड झाका आणि दोनदा जोरात हलवा. आता ओतताना त्या दोन खाचा खालच्या बाजूला करा. गोटी घरंगळून खाचांवर अडते, तोंडाकडे येत नाही आणि पाणी सरळ निघून जातं. गिऱ्हाइकाला पितानाही हेच सांगा: खाचा हनुवटीकडे. ‘गोटी मधेच येते, कोला येत नाही’ ही तक्रार तिथंच संपते.

धुतलेली बाटली खाचा खाली करून तिरकी टेकवून पाच मिनिटं निथळू द्या. मग सरळ उभी, तोंड वर, क्रेटमध्ये, सावलीत. बस.

24 बाटल्यांच्या क्रेटला एकूण सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागतं. पाण्याची किंमत मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पण तुमच्याकडचे हे सव्वा लिटर वाचवले की आमच्याकडे त्याच क्रेटवर त्याच्या कित्येक पट पाणी आणि एक माणूस जातो. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तरी चालेल. शेवटची धुलाई आम्ही गाळलेल्या, मऊ केलेल्या पाण्यानंच करतो, कारण क्षारानं कोल्याची आंबट बाजू मरते.

एक गोष्ट मात्र अजिबात नको. आमच्या बाटलीत रॉकेल, फिनाईल, टर्पेंटाईन, ॲसिड काहीही भरू नका, थोड्या वेळासाठीसुद्धा नाही. रबराला लागलेला तो वास जात नाही. अशी बाटली आम्ही धुवत नाही, फोडून टाकतो आणि तिचं डिपॉझिट परत मिळत नाही.

चिकटलेल्या बाटलीचं डिपॉझिट आम्ही कापत नाही. ती वेगळी मोजतो आणि पुढच्या फेरीला तेवढ्याच भरलेल्या बाटल्या कमी देतो, कारण ती अजून आमच्या हौदात भिजत असते. गाडीवाल्याशी यावरून वाद घालू नका. नियम त्याचा नाही, आमचा आहे.

हा कोला कुणाचा?

‘हा थम्स अपसारखा आहे का’, ‘जुना कॅम्पा हाच का’, असं लोक विचारतात. सरळ उत्तर: आमचा आहे, इथंच बनतो. कोला हे एका कंपनीचं नाव नाही, पेयाचा प्रकार आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या कोला झाडाच्या बियांवरून ते नाव आलं. जॉन पेंबर्टन यांनी 1886 मध्ये अटलांटात कोका-कोला बनवलं, कॅलेब ब्रॅडहॅम यांच्या पेयाला 1898 मध्ये पेप्सी-कोला नाव मिळालं आणि मग गावोगावच्या कारखान्यांनी आपापला कोला काढला.

आपल्याकडे गॅसचं पेय कोका-कोला भारतात येण्याच्याही आधी रुजलेलं होतं. मुंबईत दिनशा पंडोल यांचा ड्यूक्स 1889 चा. तमिळनाडूत विरुधुनगरची काळीमार्क 1916 ची, तिचा बोवोंटो आजही तिकडे आवडीनं पितात. सुरतेच्या हजूरी घराण्याची कंपनी 1923 ची. त्यांचा सोस्यो रंगानं कोल्यासारखा, पण चव फळांची. कोका-कोला भारतात 1950 मध्ये आली. 1977 मध्ये परकीय भागीदारी 40 टक्क्यांवर आणण्याच्या अटीवरून ती देश सोडून गेली, तेव्हा जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री होते. त्या रिकाम्या जागेत पार्लेचं थम्स अप, प्युअर ड्रिंक्सचं कॅम्पा कोला आणि सरकारी मॉडर्न फूड इंडस्ट्रीजचं डबल सेव्हन आलं. 1993 मध्ये कोका-कोला परतली आणि थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट तिनं पार्लेकडून विकत घेतले. कॅम्पा पुढं दुकानांतून दिसेनासा झाला. रिलायन्सनं तो 2022 मध्ये घेतला आणि 2023 मध्ये पुन्हा बाजारात आणला. त्याच वर्षी सोस्योच्या कंपनीतही रिलायन्सची निम्मी भागीदारी आली.

या सगळ्यात चव एकट्यानं कुणाला तारत नाही. पेय टिकतं ते बाटली भरून दुकानात पोचली आणि रिकामी होऊन परत आली तर. मोठ्या कंपनीकडे त्यासाठी कारखान्यांचं जाळं असतं. आमच्यासारख्याकडे असतात त्या ठरावीक बाटल्या. त्याच फिरल्या तर आम्ही जिंतूर, सेलू, मानवत, पाथरीच्या रस्त्यावर दर आठवड्याला गाडी काढू शकतो. डिपॉझिट त्यासाठी आहे. त्यात नफा धरलेला नाही. बाटली द्या, पैसे घ्या.

ही बाटली लंडनच्या हायरम कॉड यांनी 1872 मध्ये पेटंट केली. वीस वर्षांनी, 1892 मध्ये, अमेरिकेत विल्यम पेंटर यांनी पत्र्याचं बूच काढलं, ते स्वस्त पडलं आणि गोटीची बाटली बहुतेक देशांतून गेली. जपानात आणि भारतात राहिली. इथं ती उत्तर प्रदेशात हाथरसजवळ सासनीला होते. म्हणजे फुटलेल्या बाटलीची भरपाई शेजारच्या गावातून होत नाही, ट्रकनं हजारभर किलोमीटरवरून मागवावी लागते.

प्लास्टिकचं विचाराल तर गॅस प्लास्टिकच्या भिंतीतून हळूहळू बाहेर जातो आणि बाटली जितकी लहान तितका लवकर जातो. 200 मिलीच्या मापाला काचच बरी.

किमतीबद्दल. साखर-स्वाद घातलेल्या गॅसच्या पेयावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी आहे. आधी 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर होता, बेरीज तीच. साध्या सोड्यावर मात्र 18 वरून 5 टक्के झाला. कोला आणि सोडा यांच्या भावातला फरक मुख्यतः इथून येतो.

ऊन आणि फ्रीज

थंड पाण्यात गॅस मावतो, गरम पाण्यात मावत नाही. 15 अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे एक लिटर गॅस विरघळतो, 40 अंशांना जेमतेम अर्धा. म्हणून भरलेला क्रेट टपरीच्या पत्र्याखाली तापला की आतला दाब फ्रीजमधल्या बाटलीच्या अडीच पटींवर जातो. अशी बाटली उघडली की निम्मा कोला फेस होऊन अंगावर. आधी तीन तास फ्रीजमध्ये, नाहीतर बर्फाच्या पाण्यात अर्धा-पाऊण तास. उघडताना गोटी दाबल्यावर फेस बसेपर्यंत चार-पाच सेकंद ओपनर तसाच धरा.

डीप फ्रीझरमध्ये ठेवू नका. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं, काच फुगत नाही. तडकलेल्या बाटलीचे पैसे लागतात. तोंडाचा टवका उडालेली बाटली भरलेली आली, तर ती न उघडता परत द्या, बदलून मिळेल.

लग्नाच्या ऑर्डरीला आमचा सल्ला असा: 300 पानांच्या पंगतीला 10 क्रेट पुरतात. त्यातले 4 जिरा घ्या. जेवणानंतर लोक कोल्यापेक्षा जिराच मागतात. न उघडलेला क्रेट आम्ही परत घेतो. प्रत्येक 5 क्रेटमागे एक लाकडी ओपनर आमच्याकडून, मोफत. आणि मंडपात रिकाम्या बाटल्यांसाठी पाण्याची एक बादली नि एक माणूस ठेवा. तो माणूस पंगत उठताच बाटल्या खंगाळून सरळ उभ्या करील, तर आमची गाडी त्याच संध्याकाळी सगळ्या मोजून घेऊन तुमचं पूर्ण डिपॉझिट जागेवर देईल.