गुडघ्याची झीज आणि गुडघ्याचा त्रास: ऑपरेशनची वेळ कशावरून ठरते?

एक्स-रेची फिल्म घरी आली की ती आधी खिडकीच्या उजेडात धरली जाते. पुण्यातल्या आमच्या सहकारनगरच्या घरी आईची फिल्मही अशीच धरली होती. गुडघ्याच्या आतल्या बाजूला मांडीचे हाड नडगीच्या हाडाला जवळजवळ टेकलेले दिसत होते, रिपोर्टात ‘ग्रेड ४’ असे लिहिलेले होते, आणि फिल्म पाकिटात परत जाण्याआधीच गुडघा बदलण्याचे ऑपरेशन दिवाळीआधी करायचे की दिवाळीनंतर, यावर घरात बोलणे सुरू झाले होते. आईला दिवसभरात नेमका कुठे आणि किती त्रास होतो, हे मात्र तिला आमच्यापैकी कोणीही विचारले नव्हते.

गुडघ्याची झीज आणि गुडघ्याचा त्रास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘गुडघे गेले’ या दोन शब्दांत आपण त्या एकत्र बांधून टाकतो. झीज फिल्मवर दिसते. त्रास माणसाच्या दिवसात दिसतो. या दुखण्याला खरोखर सांधाच जबाबदार आहे का आणि तो बदलून गुण येईल का, हे झिजेवरून कळते. बदलण्याची वेळ आली आहे का, हे त्रासावरून ठरते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याकडून घ्यायला गेले की एक तर ऑपरेशन अकाली होते, नाही तर फार उशिरा, आणि दोन्हींची किंमत पेशंटलाच मोजावी लागते.

आधी झीज म्हणजे काय ते पाहू. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो आणि संधिवाताच्या या प्रकारात (ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये) तो हळूहळू पातळ होत जातो. एक्स-रेमध्ये हा थर दिसतच नाही. दिसते ती दोन हाडांमधली मोकळी जागा, आणि ती कमी झाली की थर झिजला असे अनुमान काढले जाते. म्हणूनच हा एक्स-रे उभे राहून, पायावर भार देऊन काढावा लागतो. आडवे झोपवून काढलेल्या फिल्ममध्ये जागा आहे त्यापेक्षा मोठी दिसू शकते. आपल्या बोलण्यातला ‘गादी’ हा शब्दही येथे घोळ वाढवतो, कारण कूर्चेच्या थरालाही लोक गादी म्हणतात आणि दोन हाडांच्या मधे बसलेल्या अर्धचंद्राकृती चकतीलाही गादीच म्हणतात. ‘गादी फाटली’ आणि ‘गादी झिजली’ ही दोन वेगळी निदाने आहेत, तेव्हा डॉक्टरांनी हा शब्द वापरला तर नेमकी कोणती गादी, हे विचारून घ्यावे. रिपोर्टात लिहितात ते शून्य ते चार हे ग्रेड केल्ग्रेन आणि लॉरेन्स या दोन संशोधकांनी १९५७ मध्ये मांडले. वेगवेगळ्या लोकांच्या फिल्म एकाच मापाने वाचता याव्यात, एवढ्यासाठी ती मोजपट्टी होती. ऑपरेशनची तारीख काढण्यासाठी ती कधीच नव्हती.

झीज आणि त्रास यांची सांगड इतकी सैल का, याचे कारण शरीररचनेत आहे. कूर्चेत वेदना पोहोचवणाऱ्या नसाच नसतात. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे सुजलेले अस्तर आणि सांध्याभोवतीचे ताणलेले वेष्टन. त्यात मांडीच्या पुढच्या स्नायूंची ताकद, वजन आणि झोप या सगळ्यांची भर पडते, म्हणून एकाच ग्रेडच्या दोन माणसांपैकी एक जण पर्वतीच्या पायऱ्या चढून येतो आणि दुसऱ्याला पीएमपीच्या बसची पहिली पायरीही जड जाते. एमआरआयची गोष्टही वेगळी नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातील ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांच्या गुडघ्यांचे एमआरआय काढून केलेली पाहणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्यांची चकती फाटलेली दिसली, त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिनाभरात गुडघ्यात दुखणे किंवा आखडणे काहीच जाणवले नव्हते.

आता त्रासाकडे वळू. झिजेपेक्षा तो मोजणे अवघड आहे, कारण फिल्म लपवाछपवी करत नाही आणि माणूस करतो. आईला डॉक्टरांनी फिल्म हातात घेण्याआधी विचारले, “काकू, मंडईत शेवटचं कधी गेला होतात?” आई म्हणाली, “आता सगळं दारावरच येतं हो, जायची गरजच पडत नाही.” मग त्यांनी तुळशीबागेचे विचारले, पर्वतीचे विचारले, गच्चीवर वाळवण घालण्याचे विचारले. प्रत्येकाला आईकडे कारण तयार होते आणि त्यातले एकही कारण गुडघ्याचे नव्हते. मी शेजारच्या खुर्चीवर बसून ते ऐकत होते आणि गेल्या तीन वर्षांत आईचे पुणे किती आक्रसले आहे, हे मला तेथे पहिल्यांदा कळले. “फारसं दुखत नाही” हे ती खरेच बोलत होती. जेथे दुखेल तेथे जाणेच तिने सोडून दिले होते.

म्हणून त्रास मोजताना ‘दुखते का’ एवढे विचारून भागत नाही. न थांबता किती चालता येते, जिना उतरताना कठडा धरून दोन्ही पाय एकाच पायरीवर आणावे लागतात का, हातांचा रेटा न देता खुर्चीतून उठता येते का, शौचाला बसताना काय होते, बाहेर पडण्याआधी गोळी घ्यावी लागते का, हे विचारावे लागते. त्यातही रात्रीच्या दुखण्याला मी सर्वांत जास्त वजन देईन. चालल्यावर दुखणे समजण्यासारखे आहे, पण नुसते पडून असतानाही दुखून महिनोन् महिने झोपमोड होत असेल, तर तो त्रास गंभीर समजला पाहिजे. हे प्रश्न पेशंटबरोबर घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी वेगळे विचारावेत, कारण दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत.

झीज पुष्कळ आणि त्रास थोडा असेल, तर ऑपरेशनची घाई नाही, मग ग्रेड चार असला तरी. ‘आता तब्येत ठणठणीत आहे, तर करूनच टाका’ हा सल्ला प्रेमाने दिला जातो, पण ज्याला त्रासच नाही त्याला ऑपरेशनमधून मिळण्यासारखेही थोडेच असते, आणि जंतुसंसर्ग किंवा पायात रक्ताची गुठळी होणे हे धोके मात्र तेवढेच राहतात. याला एक अपवाद लक्षात ठेवावा. पाय धनुष्यासारखा वाकत चालला असेल, गुडघा पूर्ण सरळ होईनासा झाला असेल किंवा सांधा बाजूला कलंडू लागला असेल, तर दुखणे कमी असतानाही दर काही महिन्यांनी दाखवत राहावे, कारण हाड खचल्यावर आणि हाडांना एकत्र धरून ठेवणारे अस्थिबंध सैल पडल्यावर तेच ऑपरेशन अधिक गुंतागुंतीचे होते.

याच्या उलट स्थिती, म्हणजे त्रास पुष्कळ आणि झीज थोडी, मला अधिक काळजीची वाटते, कारण येथे ऑपरेशनचा मोह सर्वांत जास्त होतो आणि गुण सर्वांत कमी येतो. संपूर्ण गुडघेबदलानंतर पाचांतला जवळपास एक जण निकालावर समाधानी नसतो, आणि ज्यांची झीज आधी किरकोळ होती त्यांच्यात हे प्रमाण जास्त आढळते. अशा वेळी दुखण्याचे मूळ दुसरीकडे शोधावे लागते. खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवू शकते, आणि एखाद्याला तर खुब्यात काहीच न होता फक्त गुडघाच दुखतो. कमरेतल्या मणक्यात नस दाबली गेली तरी कळ मांडीतून गुडघ्यापर्यंत उतरते. डॉक्टर गुडघ्याच्या तक्रारीवर खुबा फिरवून पाहत असतील, तर ते विषय सोडून चाललेले नसतात. गुडघा अचानक लाल, गरम होऊन सुजला आणि ताप आला, तर तो सावकाश विचार करण्याचा विषयच उरत नाही, त्याच दिवशी दाखवावे.

झीज आणि त्रास दोन्ही पुष्कळ आहेत, असे ठरल्यावरच खरा निर्णय समोर येतो. डेन्मार्कमध्ये गुडघेबदलासाठी पात्र ठरलेल्या १०० जणांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट करून घेतलेली चाचणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाला ऑपरेशन आणि त्यानंतर बारा आठवड्यांचे व्यायाम, आहार व औषधे असे उपचार मिळाले, दुसऱ्याला ऑपरेशन वगळून तेच उपचार मिळाले. वर्षाअखेर ऑपरेशनच्या गटाला स्पष्टपणे जास्त आराम होता, मात्र गंभीर त्रासदायक घटनाही त्याच गटात जास्त होत्या. दुसऱ्या गटातल्या साधारण चौघांपैकी तिघांना त्या वर्षात ऑपरेशनची गरज भासली नाही. मला यातून एवढेच घ्यावेसे वाटते की फिजिओकडचे बारा आठवडे नीट केलेले असावेत. फोनवर व्हिडिओ पाहून चार दिवस पाय हलवणे त्यात धरता येणार नाही. वजन एक किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. काठीही नीट वापरली तर बराच भार घेते, पण ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते. आई वर्षभर ती उजव्या गुडघ्यासाठी उजव्याच हातात धरत होती आणि आमच्यापैकी कोणाच्याही ते लक्षात आले नव्हते.

हे सगळे करूनही दिवस आणि रात्र सावरत नसतील, तर पुढे ढकलत राहण्यात शहाणपणा नाही. ‘जितके लांबवाल तितके बरे’ हे वाक्य सांधा थोड्याच वर्षांत ढिला पडेल, या जुन्या भीतीतून आले आहे. ऑस्ट्रेलिया आणि फिनलंड येथील नोंदींवरून २०१९ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार संपूर्ण बदललेल्या शंभर गुडघ्यांपैकी ८२ गुडघे २५ वर्षे टिकतात. वयाचा विचार मात्र करायलाच हवा. ब्रिटनमधील नोंदींनुसार सत्तरीनंतर ऑपरेशन झालेल्यांना आयुष्यात पुन्हा सांधा बदलावा लागण्याची शक्यता सुमारे पाच टक्के, तर पन्नाशीच्या सुरुवातीला ते करून घेतलेल्या पुरुषांत ती ३५ टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे बावन्नाव्या वर्षी थांबण्याला जे कारण आहे, ते बहात्तराव्या वर्षी लागू होत नाही. उशिराचे नुकसान स्नायूंत होते: जो माणूस चालता-फिरता असताना टेबलावर जातो तो नंतर जितका सावरतो, तितका वर्षभर पलंगाला खिळून मग गेलेला सहसा सावरत नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, ज्यांना गुडघेबदलाचा उपयोग झाला असता अशा सुमारे ९० टक्के लोकांनी दोन वर्षांहून जास्त काळ वाट पाहिली होती, आणि ज्यांनी ऑपरेशन केले त्यांतल्या साधारण चौथ्या हिश्श्याने ते घाईने केले होते.

खर्चामुळे निर्णय अडतो, हे खरे आहे. कृत्रिम सांध्याच्या किमतीवर राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मर्यादा घातली आणि कोबाल्ट-क्रोमियमच्या नेहमीच्या सांध्याची कमाल किंमत जीएसटी सोडून ५४,७२० रुपये ठरवली. हॉस्पिटलचे एकूण बिल अर्थातच यापेक्षा बरेच मोठे असते. अनेक आरोग्य विमा पॉलिसींत सांधेबदलासाठी दोन-तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो, तो आधीच वाचून ठेवावा. आपल्याकडचा आणखी एक प्रश्न मांडी घालून बसण्याचा. पुण्यातील डॉ. कां. ह. संचेती यांनी भारतीय पेशंटच्या गरजा समोर ठेवून ‘इंडस’ नावाचा कृत्रिम गुडघा विकसित केला, त्यामागे हाही विचार होता. तरीही बदललेल्या गुडघ्यावर रोज उकिडवे बसू नये, असेच बहुतेक सर्जन सांगतात. पंगतीला आणि पूजेला खालीच बसायचे, हा ज्यांचा आग्रह असेल त्यांनी तो ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांपुढे मांडावा.

वेळ आली आहे हे ठरणे आणि तारीख ठरणे, यांतही अंतर असते. आईने दोन महिन्यांपूर्वी गुडघ्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन घेतले होते, आणि अशा इंजेक्शननंतर साधारण तीन महिन्यांच्या आत ऑपरेशन केले तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तिची तीन महिन्यांची सरासरी साखरही जास्त होती, आणि एक किडलेली दाढ दुर्लक्षून ठेवलेली होती. म्हणून डॉक्टरांनी पालखी पुण्यातून पुढे गेल्यानंतरची तारीख दिली. तोवर दाढ काढून झाली, साखर आटोक्यात आली, आणि आई रोज सकाळी खुर्चीत बसून पाय सरळ करत, दहापर्यंत मोजत मांडीचे स्नायू आवळू लागली. काठी आता डाव्या हातात आहे.