डिक्स-हॉलपाइक चाचणी

डिक्स-हॉलपाइक चाचणी : डोक्याची स्थिती बदलली की येणाऱ्या चक्करेचे निदान करण्याची पद्धत. तिला यंत्र लागत नाही. तपासणीचा पलंग आणि रुग्णाचे उघडे डोळे पुरतात. रॉबर्ट बारानी यांनी १९२१ मध्ये या प्रकारच्या चक्करेचे वर्णन केले होते. चाचणीला आजचे रूप आणि नाव मिळाले ते लंडनमधील मार्गारेट डिक्स व चार्ल्स हॉलपाइक यांच्या १९५२ च्या लेखामुळे.

अंतर्कर्णातील युट्रिकल या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. ते सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले, की डोके हलवताच घरंगळतात आणि नलिकेतला द्रव ढवळतात. डोके स्थिर झाल्यावरही ते फिरतेच आहे असा संदेश मेंदूला मिळत राहतो. म्हणूनच कूस बदलताना किंवा मान वर करून पाहताना सगळे गरगरते. तीन नलिकांपैकी मागची नलिका सर्वांत खाली असल्याने स्फटिक बहुधा तिच्यातच अडकतात, आणि ही चाचणी मुख्यतः तिच्यासाठीच आहे. आडव्या नलिकेसाठी उताणे झोपवून डोके दोन्ही बाजूंना वळवण्याची वेगळी चाचणी करतात.

उजवा कान तपासताना रुग्णाला पलंगावर पाय पसरून बसवतात व डोके उजवीकडे ४५ अंश वळवतात. मग डोके दोन्ही हातांनी धरून त्याला झटकन उताणे झोपवतात. डोके पलंगाच्या कडेबाहेर सुमारे २० अंश खाली झुकलेले राहते. या क्षणी रुग्ण घाबरून डोळे मिटतो, हात घट्ट पकडतो. त्यामुळे काय होणार हे आधी सांगून ठेवणे केव्हाही बरे. त्याला चक्कर आली एवढ्यावर निदान होत नाही, खरा पुरावा डोळ्यांत दिसतो. काही सेकंद काहीच घडत नाही. मग बुबुळे वरच्या दिशेने झटके देत, खालच्या कानाकडे पीळ घेत हलू लागतात. हा निस्टॅग्मस वाढतो, ओसरतो आणि साधारणतः मिनिटाच्या आत थांबतो. उठून बसवल्यावर तो उलट दिशेने दिसू शकतो. पुन्हा चाचणी केली तर क्षीण होतो. म्हणून पहिल्याच वेळी नीट पाहावे. त्यानंतर डावी बाजू तपासतात.

बुबुळे निव्वळ खालच्या दिशेने झटके देत असतील, हालचाल विलंबाशिवाय सुरू होऊन थांबतच नसेल किंवा बोलणे अडखळणे, हातपाय लुळे पडणे अशी लक्षणे सोबत असतील, तर दोष मेंदूत असण्याची शंका घेऊन पुढील तपासण्या करतात. नमुनेदार चित्र दिसल्यावर मात्र मेंदूचे स्कॅन सहसा लागत नाही, आणि हीच या चाचणीची मोठी बचत आहे. एकदा काही दिसले नाही म्हणून आजार नाही असे ठरत नाही. संशय असल्यास दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा करतात.

मानेचे मणके अस्थिर असल्यास चाचणी टाळतात. मान मागे झुकवणे शक्य नसेल, तर डोके विरुद्ध बाजूला वळवून रुग्णाला कुशीवर आडवे करण्याचा पर्याय असतो.

डोके लोंबते ठेवण्याची ही स्थिती एपली उपचाराची पहिली पायरीही आहे. त्यामुळे निदान पक्के होताच रुग्णाला न उठवता तिथूनच डोके टप्प्याटप्प्याने फिरवून स्फटिक युट्रिकलमध्ये परत नेण्याचा प्रयत्न करता येतो.