घरदुरुस्तीची परवानगी : कलम ३४२ मधला गुंता

मुंबईत फ्लॅटचं काम काढताना सोसायटीचं पत्र हातात पडलं की झालं, असं बहुतेक जण धरून चालतात. पालिकेच्या परवानगीशी त्या पत्राचा संबंध नाही. ती लागते की नाही हे ठरतं १८८८ च्या महापालिका कायद्याच्या कलम ३४२ वरून.

हा कायदा प्लेगच्याही आधीचा. त्यातलं मूळ माप सोपं होतं: जोत्यावरची निम्म्याहून जास्त भिंत काढायची किंवा पुन्हा बांधायची असेल तर पालिकेला सूचना द्या. लाकडी चौकटीच्या इमारतीत खांबही निम्म्याच हिशेबाने मोजायचे. पुढे हे माप गेलं आणि ‘टेनंटेबल रिपेअर’ वगळता सगळ्याला सूचना, अशी रचना आली. घोळ तिथून सुरू झाला.

टेनंटेबल म्हणजे काय, याची यादी कायद्याच्या स्पष्टीकरणात आहे. गिलावा, रंग, फरशी बदलणं, संडास-मोरीची दुरुस्ती, नळ, ड्रेनेजचे पाइप, विजेची फिटिंग, खांब-भिंतींना गनायटिंग (दाबाने सिमेंट-वाळूचा थर मारणं), आणि त्याच सामानाने छप्पर बदलणं. एवढंच. कौलं काढून पत्रे घातले किंवा उतरतं छप्पर सपाट केलं, की सूट संपली. पोटमाळा वाढवणंही सुटीबाहेर. जमीन खाली खोदायला तर सरळ मनाईच. बैठ्या खोल्यांत माळ्याला उंची मिळावी म्हणून जमीन खणण्याची युक्ती ठाऊक असलेल्याला ही ओळ का आली हे सांगावं लागत नाही.

आता स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यातली चार इंची विटांची भिंत घ्या. भार पेलणाऱ्या भिंती काढायच्या नाहीत, हे यादीत स्पष्ट आहे. पण ही भिंत भार पेलतच नाही. एका खोलीच्या दोन करताना सूचना द्या, असं कलम वेगळं सांगतं. दोनाची एक करण्याबद्दल तसं काही नाही. कंत्राटदार म्हणतो, चालतं. शब्दशः वाचलं तर सुटीची यादी ‘फक्त’ एवढ्याच कामांची आहे आणि भिंत पाडणं तीत बसत नाही. माझ्या मते दुसरं वाचन बरोबर, पण घरोघरी चालतं ते पहिलं.

त्यात १९६६ च्या नगररचना कायद्याची भर. कलम ४३ नुसार इमारतीच्या फक्त आतल्या भागापुरत्या कामाला नियोजन परवानगीची गरज नाही. नोटीस आली की रहिवासी हे कलम पुढे करतात, पालिका ३४२ दाखवते. दोन्ही कायदे आपापल्या जागी लागू असतात, त्यामुळे एकातली सूट दुसऱ्यात चालत नाही.

बाल्कनीचं गणित तर काळाप्रमाणे बदललं. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ती ठराविक मर्यादेत चटईक्षेत्राबाहेर (म्हणजे भूखंडावर जेवढं बांधकाम करता येतं त्या हिशेबाबाहेर) होती आणि शुल्क भरून बंद करता येई. जानेवारी २०१२ पासून बाल्कनी, फ्लॉवर बेड वगैरे चटईक्षेत्रात मोजले जाऊ लागले आणि बदल्यात निवासी इमारतींना ३५ टक्के फंजिबल एफएसआय, म्हणजे हवं तसं वापरता येणारं जादा चटईक्षेत्र, मिळाला. म्हणजे शेजारशेजारच्या दोन इमारतींतल्या सारख्याच दिसणाऱ्या काचबंद बाल्कन्यांचे कागद वेगळे असू शकतात.

खांबांचा प्रश्न मात्र कागदावर राहिला नाही. २००७ मध्ये बोरिवलीत आणि जुलै २०१७ मध्ये घाटकोपरला इमारती कोसळल्या. दोन्हीकडे तळमजल्यावरच्या फेरफारांवर ठपका आला. घाटकोपरला १७ जण गेले. खांब काढणं यादीत आधीपासूनच सुटीबाहेर होतं.