बांध एक, पुरावे दोन

समजा, इगतपुरीकडच्या गावात दोन शेजारी वनखात्याच्या जमिनीवर नागली पिकवतात. एक ठाकर, म्हणजे आदिवासी; दुसरा धनगर, म्हणजे बिगर-आदिवासी. २००६ च्या वनहक्क कायद्याप्रमाणे जमिनीवर हक्क मिळायला दोघांचाही ताबा १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा हवा. पण धनगराला शिवाय तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. आदिवासींवर झालेला जुना अन्याय हे त्यामागचं कारण, आणि ते खरंच आहे. तरी बांधावरच्या गप्पांची चव बदलतेच.

१९७० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल यांनी ब्रिस्टलच्या शाळकरी मुलांचे दोन गट पाडले; सबब काय, तर चित्रांची आवड! मुलांना पैसे वाटायला दिले. स्वतःला त्यातलं काही घ्यायचं नव्हतं. तरी आपल्या गटाला थोडे कमी पडले तरी चालतील, पण 'त्यांच्या'पेक्षा जास्त हवेत, याकडे अनेकांचा कल दिसला.

बरं, गट तर आपल्याकडे पैशाला पासरी. त्यातली नेमकी कोणती रेघ पेटते?

आफ्रिकेतली झांबिया-मलावीची सीमा ब्रिटिश कंपनीने १८९१ मध्ये कारभाराच्या सोयीसाठी आखली. चेवा आणि तुंबुका हे दोन समाज तिच्या दोन्ही बाजूंना राहतात. राज्यशास्त्रज्ञ डॅनियल पोस्नर यांनी सीमेलगतची गावं अभ्यासली. झांबियात दोघं मित्र, मलावीत प्रतिस्पर्धी! झांबियात दोन्ही समाज इतके लहान की एकट्याने सत्तेपर्यंत पोचणं अशक्य. मलावीत दोन्ही मोठे, म्हणून एकमेकांविरुद्ध उभं करण्याजोगे. त्यात १९६८ मध्ये मलावी सरकारने चेवांची चिचेवा ही राष्ट्रभाषा केली आणि तुंबुका भाषा रेडिओवरून हद्दपार झाली.

आपल्याकडे अनुसूचित जमातींना ७ टक्के आरक्षण, धनगरांना भटक्या जमातींतून साडेतीन. धनगरांना जमातींत घेतलं तर तेच ७ टक्के अधिक पानांत वाढावे लागतील, ही आदिवासींची धास्ती. ४ ऑक्टोबर २०२४ ला दिंडोरीचे आमदार, विधानसभेचे तेव्हाचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी याच विरोधात मंत्रालयातल्या जाळीवर उडी मारली. जमातींत घेण्याची धनगरांची मागणीही अनेक दशकांची.

गंमत अशी, की त्याच वनहक्क कायद्यात सामूहिक हक्कही आहे. मोहाची फुलं, तेंदूपानं, चराई यांवरचा दावा ग्रामसभेमार्फत जातो, आणि ग्रामसभेत गावातले सगळेच प्रौढ बसतात. तिथे ठाकर आणि धनगर यांना एकाच कागदावर अंगठा उठवावा लागतो.